ज्याच्या हातून पैसा येतो

"लेकराचा चेहरा कसा हाय, अण्णा?"

खजुरीची अक्का मोबाईल माझ्या हातात देऊन आधी हेच विचारायची. आता तुम्हीच सांगा, मोबाईलवर आलेल्या पैशाला चेहरा कुठून असणार? आळंदच्या बसस्टँडसमोर माझं रिचार्जचं दुकान. पुण्यातून तिच्या पोराने मोबाईलवर पैसे टाकायचे, तिने मला मेसेज दाखवायचा आणि मी रोख पैसे द्यायचे. दिवसभर तेच करून डोकं उठायचं. कंपनीची माणसं म्हणायची, पैसे लगेच मिळतात म्हणून लोक याकडे वळतात. तिला कसलीच घाई नव्हती.

आधी तिचे पैसे पुण्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणायचा. पोरगा वाळलाय, दाढी वाढवलीय, अशी खबरही आणायचा. मग ती त्याच्याच हाती भाकरी आणि शेंगाची चटणी धाडायची. पण गाडी खजुरीला थांबली की गावभर व्हायचं आणि संध्याकाळी दीर दारूसाठी पैसे मागत दारात उभा. "ह्यातलं कुणाला कळत न्हाई न्हवं?" एवढंच विचारून ती मोबाईलला तयार झाली.

पहिल्याच खेपेला तिने पैसे कनवटीला लावले आणि चटणीची पुडी काउंटरवर ठेवली. "तिकडं धाड."

"अक्का, ह्यातून नुसतं पैसं येतंय. चटणी जात न्हाई."

तिने पुडी माझ्याकडे सरकवली. "मग तू खा. पैसं आणणाऱ्याला रिकामं धाडू न्हाई."

तेव्हापासून दर महिन्याला पुडी. फुकटचं खाऊन माझी जीभ चटावली. पोरगा फोनवर बोलत नाही का, असं एकदा विचारलं.

"बोलतोय की. बरा हाय म्हनतोय. बोलायला काय जातंय? चेहरा बगाया पायजे."

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. दिवस करून पोरगा दुकानात आला, तिच्या मोबाईलमध्ये राहिलेले पैसे काढायला. मोबाईल बघितला तेव्हा कुठे मला ओळख पटली. तिने ठेवलेली शेवटची पुडी ड्रॉवरमध्ये तशीच होती. ती मी त्याच्यापुढे केली.

"ही तुझी हाय."

त्याने उभ्या उभ्याच पुडी सोडली, चिमूटभर चटणी तोंडात टाकली. "मीठ जादा झालंय की," म्हणाला आणि तोंड फिरवलं.

डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली, हनुवटी मात्र थेट तिची. मला फार वाईट वाटलं. तिने इतके दिवस विचारलेलं मला त्या दिवशी सांगता आलं असतं.