प्लेटीचं तोंड

माझं रेशनकार्ड भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी होतं आणि मी पळसदेवच्या खाली, उजनीच्या पाण्याच्या काठाला. माझ्या वाट्याचं रॉकेल दर महिन्याला तिकडं घरी मिळायचं. इकडं माझा कंदील पंधरा तारखेनंतर कोरडा पडायचा. मग मी ज्यांच्याकडं कामाला होतो त्या घरच्या काकू त्यांच्या रॉकेलमधून बाटलीभर द्यायच्या आणि ती घेताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सहावीत शाळा सोडल्यापासून मी मजुरांच्या टोळ्यांबरोबर फिरत होतो. कालव्याच्या एका कामावर इंदापूर तालुक्यात आलो आणि तापानं पडलो. टोळी पुढं निघून गेली. त्या वेळी ज्यांच्या पडवीत मला झोपवलं ते तात्या, आणि ज्यांनी आठ दिवस मला जोंधळ्याच्या कण्या पाजल्या त्या काकू, त्यांच्या पत्नी. नात्याचे ना गोत्याचे. बरा झाल्यावर तात्यांनी मला इंजिनावर ठेवलं. त्यांची वांगी, टोमॅटो, पेरू सगळं वरच्या रानात आणि पाणी खाली धरणाचं. डिझेल इंजिनानं ते वर चढवायचं. पाणी उतरत गेलं की इंजिन खाली न्यायचं, आणि इंजिनामागं राखणदाराची पत्र्याची खोलीही. बुडिताच्या जमिनीत विजेचा खांब कोण देणार?

त्या खोलीत मी एकटा. अंधार आमच्या घरीही होता, पण त्या अंधारात आठ माणसं श्वास घ्यायची. इथं पत्र्याच्या पलीकडं नुसतं पाणी हलायचं. कंदील जळत असला की मला झोप लागे. विझला की मी उठून भिंतीला पाठ लावून बसे. सव्वीस वर्षांचा गडी. सांगणार कुणाला?

दिवाळी झाली आणि मी तात्यांना म्हणालो, "तात्या, मला नाही जमत. दुसरा माणूस बघा."

"का वो पाव्हणं? भाकरी कमी पडती?"

"नाही."

"मग बायकुची आठवण येती?"

"लग्न कुठं झालंय?"

"मग तर लईच औघड. जी न्हाईच तिची आठवण!"

ते हसले. मला हसू येईना. मान खाली घालून मी एवढंच म्हणालो, "रॉकेल संपतं."

काय ओळखायचं ते तात्यांनी ओळखलं असावं. "सोमेश्वरनगरकडं एकाच्या वस्तीवर उन्हावरचा दिवा बघितलाय म्या," ते म्हणाले. "तसा बसवू. पर दिवा आला की मग जायचं नाव न्हाय काढायचं. पानी उतराया लागल्यावर मला नवा मानूस कुठं गावायचा?"

मी हो म्हणालो. घरी परत जाणं म्हणजे तिथं आणखी एक खाणारं तोंड. दिवा रात्रभर टिकला तर मी टिकणार होतो, नाही तर नाही.

भाजीच्या टेम्पोत क्रेटवर बसून बारामतीला गेलो. तात्यांनी पैसे दिले होते आणि वर सांगितलं होतं, "ज्याला वापरायचंय त्यानंच बघून घ्यावं." इतका विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. वाटेत मी खिसा दहादा चाचपला. पहिल्या दुकानात "बॅटरी पाहिजे" म्हणालो, तर दुकानदारानं दोन सेलांची हातबॅटरी काढून माझ्या तोंडावर पाडून दाखवली. "घ्या. पार पल्याडच्या काठाला जातोय उजेड." नको कसं म्हणावं ते न कळून मी ती दोनदा लावून बघितली आणि परत ठेवली.

शेवटी स्टँडच्या मागं एका म्हाताऱ्यांकडं पोचलो. ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचे, उन्हावरच्या प्लेटी विकायचे. सगळे त्यांना आबा म्हणत. तेजाबानं त्यांच्या लेंग्याला चाळणीसारखी भोकं पडली होती. मी मनात ठरवूनच आलो होतो. तात्यांच्या खोपटात ट्रॅक्टरची जुनी बॅटरी पडून होती; ती वापरायची आणि सगळ्या पैशात दोन प्लेटी घ्यायच्या. जितकी काच जास्त तितका उजेड जास्त, असा माझा हिशेब.

आबांनी तो निम्म्यातच तोडला. "ट्रॅक्टरची बॅटरी म्हंजे पैलवान. एक दणका देनार आन् बसनार. तुमाला पायजे हमाल, हळूहळू वझं वाहनारा. प्लेट म्हंजे नळ, बॅटरी म्हंजे रांजन; दोन नळ आन् फुटका रांजन घिऊन करनार काय? नळ एकच घ्या, पर रांजन धड घ्या." आणि मग विचारलं, "दिवा किती तास जळायचाय?"

बाकावर दोन ड्रायव्हर चहा पीत बसले होते.

"तीन तास," मी म्हणालो. "जेवण होईपर्यंत."

"ऱ्हाताय एकटंच?"

"हो."

"पान्याच्या कडंला?"

"हो."

आबा आत गेले आणि दोघांनी मिळून उचलावी लागेल अशी बॅटरी ओढत बाहेर आणली. "हीच न्या. दुसरी शिल्लक न्हाय." दिलेल्या पैशात ती आणि एक प्लेट बसली. निघताना ते म्हणाले, "प्लेटीचं तोंड दक्षिणेला, जरा वर बघतंय असं. थंडीत सूर्व्या तिकडंच कलतोय."

सांगितलं तसंच मी केलं. बांबूची मेढ रोवली, प्लेट बांधली, वायर आत घेतली. संध्याकाळच्या आधी तात्या आणि काकू हळदकुंकू, नारळ घेऊन आले. काकूंनी काचेला बोट लावलं आणि थांबल्या.

"हिचं तोंड कुनीकडं केलंय?"

"दक्षिणेला."

"आगं बया! दिव्याचं तोंड दक्षिणेला? यमाचा दिवा तेवढा तिकडं ठेवत्यात, त्यो बी धनतेरसला येकदा. हितं मानूस नांदायचंय का मसनवटा करायचाय?"

तात्या आभाळाकडं बघायला लागले. मी तोंड उघडून आबांचं नाव सांगू शकलो असतो. पण ज्या हातानं मला कण्या भरवल्या तोच हात त्या प्लेटीवर होता. मी तारा सोडल्या, प्लेट पूर्वेला फिरवली. काकूंनी कुंकू लावलं, म्हणाल्या, "आता कसं!"

पहिल्या रात्री दिवा उजाडेपर्यंत जळला. दिव्याखाली मी लहान लेकरासारखा झोपलो. बॅटरी आबांच्या दुकानात भरलेली होती, हे तेव्हा ध्यानात आलं नाही. आठवड्यात दिवा लवकर जायला लागला, रोज थोडा अलीकडं. पंधरवड्यात तो माझं जेवण उरकायच्या सुमाराला लाल होऊन विझायला लागला.

तीन तास. मी मोजले. तीन तास म्हणालो होतो, बॅटरीनं तेवढेच दिले. हे हसण्यासारखं आहे, पण तिथं एकटं बसून ते हसण्यासारखं वाटत नव्हतं. तात्यांना सांगायचं कसं? त्यांचे पैसे गेले, दिवा आला आणि वर मी शब्दही दिलेला. मी पिशवीत कपडे भरून ठेवले आणि ठरवलं, जायच्या आधी बारामतीला जाऊन आबांकडं खरं बोलायचं.

त्या दिवशी दुकानात दुसरं कुणी नव्हतं. "आबा, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "मला दिवा रातभर लागतो."

"ठावं हाय की. तीन तास म्हनताना तुमी जिमिनीकडं बघत हुता. म्हनून तर रांजन मोठा दिला."

मी बाकावर टेकलो.

"मग विझतो का?"

"प्लेटीचं तोंड कुठं हाय?"

मी काकूंचं सगळं सांगितलं. आबा आधी हसले नाहीत. "आमची म्हातारी बी हेच म्हनली असती," ते म्हणाले. "पर प्लेट म्हंजी काय दिवा हाय का? ती सूप हाय, ऊन झेलायचं. दिवा आत. त्याचं तोंड कुठं बी करा."

"तुम्ही येऊन सांगता काकूंना?"

"म्या? तुमच्या काकूला सांगू दक्षिणेचं? आवो, मला ह्या वयात कुनाच्या शिव्या खायाला लावताय!" मग मात्र ते खोकला येईपर्यंत हसले.

परत येताना टेम्पोत मला आई आठवली. धान वाळत घातलं की ती दिवसभर चटई ओढायची, सावली पुढं आली की चटई पुढं. ऊन जाईल तिकडं.

दुसऱ्या दिवशी मी प्लेट मेढीवरून काढली आणि दाराबाहेर काढलेल्या माझ्या बाजेवर ठेवली. सकाळी पूर्वेकडं टेकवायची. उन्हं डोक्यावर आली की उताणी झोपवायची. चारच्या सुमाराला पश्चिमेकडं. दक्षिणेला कधीच नाही. इंजिन चालू असलं तरी माझं लक्ष सावलीवर. दुपारी काकू भाकरी घेऊन आल्या तेव्हा प्लेट बाजेवर आडवी पडली होती.

"हिला का झोपवलंय?"

"दमते ती."

"ऱ्हाऊंद्या मग," काकू म्हणाल्या आणि भाकरी ठेवून गेल्या.

काही दिवसांनी दिवा जेवणानंतरही जळत राहिला. मग मी झोपेपर्यंत. मग एका सकाळी पाखरांच्या आवाजानं जाग आली तेव्हा तो जळतच होता, बाहेर उजाडलेलं असताना. मी पिशवीतले कपडे काढून परत खिळ्याला टांगले.

ते सगळे महिने माझं दिवसाचं बोलणं त्या प्लेटीशीच झालं. "चला, उठा," असं मी तिला सकाळी म्हणायचो. दुसरं कोण होतं?

फाल्गुनात बहिणीच्या लग्नाचं पत्र आलं. मी तात्यांना म्हणालो, "जाता येणार नाही. प्लेट फिरवायला कुणी पाहिजे." तेव्हा काकू चुलीपुढून म्हणाल्या, "तुमी जावा. सकाळी उगवतीला, जेवनाच्या टायमाला झोपवायची, चारला मावळतीला. म्या काय आंधळी हाय?"

मी चुलीत एक काटकी सरकवली.

"तिला दक्षिणेचं ऊन लागत हुतं व्हय?"

मी हो म्हणून मान हलवली.

"मग बोलायचं न्हाय का! म्या आपलं दिव्याचं म्हनले. उन्हाला कोन न्हाय म्हनतंय?"

बहिणीचं लग्न उरकून आलो तेव्हा पाणी आणखी उतरलं होतं आणि तात्यांनी खोली दोनशे पावलं खाली आणली होती. दारासमोर मेढ रोवलेली, तिच्यावर प्लेट, दक्षिणेला तोंड करून, तारांनी घट्ट आवळलेली. काचेच्या कोपऱ्यात नवं कुंकू. दिवा रात्रभर जळला. माझी नोकरी राहिली, कुणाला काही सांगावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी सवयीनं उठलो आणि प्लेटीपाशी गेलो. फिरवायला काही नव्हतं. काचेवर हात ठेवला. ती तापली होती. मग इंजिनाकडं गेलो.