पोस्टरवरचं नाजूक अक्षर

वडशाच्या बाजारात नाटक कंपन्यांची कार्यालयं एका रांगेत आहेत. दिवाळीच्या आधी गावोगावची मंडळं येतात, भिंतीवरची पोस्टरं रस्त्यावरूनच वाचतात आणि आपल्या गावासाठी नाटक ठरवून जातात. ज्याचं नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येतं, त्याला हंगाम मिळतो. मी तेव्हा वार्ताहर होतो. हंगामाच्या बातमीसाठी एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो; समोर एका कंपनीचं पोस्टर तयार होत होतं.

कंपनीची जुनी नायिका पन्नाशीला टेकली होती. निर्मात्याने त्या वर्षी नागपूरहून नवी मुलगी आणली होती. बाईंनी चारचौघांत एकच अट घातली होती: माझं नाव तिच्या नावाएवढंच मोठं पाहिजे. निर्मात्याने ती मान्य केली होती.

ऑपरेटरने सवयीप्रमाणे दोन्ही नावं जाड, लाल, पिवळ्या किनारीच्या अक्षरांत टाकली. निर्माता म्हणाला, "बाईंचं नाव त्या लग्नपत्रिकेच्या अक्षरात टाक. नाजूक."

तो फॉन्ट माझ्या ओळखीचा होता. टाकाने लिहिल्यासारखा. कान्याची रेघ मध्येच किंचित फुगते आणि खाली केसाएवढी उरते. वेलांट्या लांब, मागच्या अक्षरावरून वळसा घेणाऱ्या. शिरोरेषा जागोजागी सुटलेली. पत्रिकेतल्या वधूवरांच्या नावांना, साडीच्या दुकानाच्या पिशवीला, अत्तराच्या बाटलीला तो शोभतो, कारण त्या वस्तू हातात धरून वाचायच्या असतात. आमच्या पेपरात तो श्रद्धांजलीच्या जाहिरातीलाही चालत नसे. बारीक रेघा छपाईत तुटतात.

बाई आल्या, खुर्ची ओढून पडद्यासमोर बसल्या.

"माह्यं नाव असं बारीक काऊन दिसून राह्यलं, भाऊ?"

निर्मात्याने टेबलावरची पट्टी पडद्याला लावली. "मोजा. उंची तेवढीच हाय. उलट तुमची वेलांटी तिच्याहून वर गेली."

"मंग ते पोरगी जाड अक्षरात काऊन?"

"ते फटाका हाय, बाई. दोन दिवस वाजन. तुमच्या नावाले इज्जतदार अक्षर पायजे."

बाईंनी पट्टी घेऊन स्वतः मोजलं. उंची खरोखरच तेवढी होती. "सुंदर तं हाय," त्या म्हणाल्या आणि पट्टी जागेवर ठेवली.

आठवड्याभराने मी कंपनीच्या कार्यालयात होतो. सावली गावाकडचं एक मंडळ समोरच्या टपरीवर चहा घेत पोस्टर मोठ्याने वाचत होतं. नवी मुलगी, विनोदी नट, लावणीवाली. बाई दारातच उभ्या होत्या.

"अजून एक नाव हाय ना जी," त्या म्हणाल्या.

एकजण रस्ता ओलांडून आला. डोळे बारीक करून त्याने पोस्टरवर बोट टेकवलं. "अरे, हे नाव हाय का! मले वाटलं वेलबुट्टी काढली."

चहावाल्यासकट सगळे हसले. मग त्याने बाईंना ओळखलं. "बाई, तुमी यंदा हाव का? आमी समजलो, सोडलं तुमी."

मंडळाने नाटक ठरवलं, नव्या मुलीचं नाव घेऊन. निर्माता आतून म्हणाला, "ऐकलं ना, बाई? लोकंच विचारून नाई राह्यले, तं मी का करू?" उंची बाईंनीच मोजून कबूल केलेली होती.

पोस्टरच्या दुसऱ्या छपाईच्या वेळी मी पुन्हा त्याच दुकानात होतो. निर्मात्याच्या सांगण्यावरून ऑपरेटरने बाईंचं नाव पुसलं. एरवी नाव काढलं की भगदाड पडतं, बाकीची नावं सरकवावी लागतात. या वेळी पोस्टर होतं तसंच दिसलं; काहीच सरकवावं लागलं नाही.