मांडवातला अर्धा फोटो

पुराचं पाणी ओसरल्यावर महाडमधल्या माझ्या फोटो स्टुडिओत गुडघाभर चिखल होता. कॅमेरे मी आधीच माळ्यावर टाकले होते. कॉम्प्युटर टेबलावर उचलून ठेवला होता, पण पाणी टेबलाच्याही वर गेलं. त्यातल्या हार्डडिस्कवर चौदा वर्षांची लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो होते. दुसरी प्रत नव्हती. काढू काढू म्हणत राहून गेली होती.

नात्याची एक मुलगी औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर होती. तिच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते आणि तेही त्याच डिस्कवर होते. पहिली पाळी सुटली की ती स्कूटीवरून दुकानात यायची. तिने डिस्कच्या खालची सर्किटची हिरवी पट्टी सोडवली, स्पिरिट लावून मऊ ब्रशने साफ केली आणि परत बसवली. डिस्क फिरायला लागली. एका जुन्या लॅपटॉपला जोडली, तर विंडोजने विचारलं, फॉरमॅट करायची का. मी हो दाबणारच होतो, तिने माझा हात धरला.

"काका, हे विंडोज राहू दे. आपण त्याच्या जागी लिनक्स टाकू. ते सारखं विचारत बसत नाही. पण सांगाल ते लगेच करतं, म्हणून नीट बघून सांगायचं."

त्रेपन्नाव्या वर्षी मी नव्याने शिकायला बसलो. समोर काळी खिडकी, तिच्यात लुकलुकणारी एक रेघ. बटण नाही, चित्र नाही, सगळं टाईप करून सांगायचं. तिने एका वहीत ओळी लिहून दिल्या. एक ओळ डिस्का कुठल्या जोडल्यात ते दाखवायची, दुसरी खराब डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर उतरवायची. या दुसऱ्या ओळीत मूळ डिस्कचं नाव आधी आणि नवीचं नंतर. दोन्ही नावांत फरक शेवटच्या एका अक्षराचा. अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतली जाणार, हे तिने एकदाच सांगितलं. मी ओळ टाईप केली आणि एंटर दाबण्याआधी बायकोला हाक मारली. तिने पडद्यावरचं एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, मी वहीवर बोट फिरवत गेलो. मग दाबलं.

नक्कल नऊ दिवस चालली. जिथे वाचता येत नव्हतं तिथून ती पुढे सरकायची, मग मागे येऊन पुन्हा प्रयत्न करायची. नक्कल झाल्यावर दुसऱ्या एका कमांडने तिच्यातून फोटो वेचून काढले. फोटो आले, पण नावं गेली, फोल्डर गेले. चौदा वर्षांचा एकच ढीग, प्रत्येकावर नुसता आकडा. नवरीमागून कुणाच्या तरी दुकानाचं उद्घाटन, त्यामागून कुणाचा तरी तेरावा. बरेच फोटो अर्धेच आले होते, वर माणूस आणि खाली सपाट राखाडी. गेलेली माणसं मध्येच हसत समोर यायची. माझा मोठा भाऊ तीनदा आला. तिसऱ्यांदा नुसती टोपी आणि कपाळ.

दिवाळीच्या सुमारास उमरठच्या वरच्या वाडीतून एक जोडपं आलं. त्यांची मुलगी दोन वर्षांपूर्वी गणपतीत काविळीने गेली होती. त्याआधी, त्याच वर्षी मे महिन्यात वाडीत तिच्या चुलत भावाचं लग्न झालं, त्याचे फोटो माझे होते. अल्बममध्ये मुलगी कुठे नव्हती. तिच्या फोनचं लॉक कुणाला उघडता आलं नाही. घरात होता तो सातवीतला ओळखपत्राचा फोटो. पण त्या लग्नात मी मांडवात तिचा एकटीचा फोटो घेतला होता, असं आईला पक्कं आठवत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ करत दोन वर्षं गेली आणि मग माझं दुकान बुडाल्याचं कळलं.

मी दोघांना पडद्यासमोर बसवलं आणि ढीग दाखवत गेलो. ती दुपार गेली, दुसरीही गेली. तिसऱ्या दुपारी एक अर्धा फोटो आला. केसांत अबोली, कपाळावर टिकली, जुळलेल्या भुवया, डोळे. नाकाखाली राखाडी.

आई म्हणाली, "हीच. डोळं बघा ना तिचं."

बापाने बराच वेळ पाहिलं. "हाय गो, तीच हाय," तो हळूच म्हणाला. मी राखाडी कापून प्रिंट काढून दिली. त्यांनी ती रुमालात गुंडाळून नेली.

पुढच्या महिन्यात नात्याच्या मुलीने मला आणखी एक ओळ शिकवली. प्रत्येक फोटोच्या आत कॅमेरा तारीख लिहून ठेवतो. ती वाचून ही ओळ फोटो महिन्यामहिन्यांच्या फोल्डरमध्ये लावते. मी ती चालवली आणि चहा संपेपर्यंत ढीग मोडला. हौसेने मी त्या वाडीतल्या लग्नाचा मे महिना उघडला. लग्न जवळपास सगळं सापडलं, पण तो अर्धा फोटो तिथे नव्हता. तो त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये निघाला, पोलादपूरकडच्या दुसऱ्याच एका लग्नात. तेव्हा त्यांच्या मुलीला जाऊन तीन महिने झाले होते.

मी नात्याच्या मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, कॅमेऱ्याची तारीख चुकते ना कधी कधी.

"चुकते, काका. पण बॅटरी गेली की घड्याळ मागे जातं, अगदी पहिल्या तारखेवर. पुढे नाही जात." मग माझ्याकडे बघून तिने विचारलं, "काय झालं?" मी लॅपटॉप मिटला.

मे महिन्याच्या त्या फोल्डरमध्ये एका फोटोत, वऱ्हाडाच्या मागे, पाण्याची कळशी घेऊन चाललेली एक मुलगी आहे. पूर्ण फोटो, पण तोंड वळलेलं. लांब वेणी, कानाची कड आणि गालाचा थोडासा भाग. ती त्यांची असेल. ओळखणार तेच दोघं.

मी त्याची प्रिंट काढली. उमरठला एका शाळेचं काम निघालं तेव्हा पिशवीत घालून वाडीवर चढलो. ओटीच्या भिंतीवर रुंद, बुटक्या फ्रेममध्ये ते डोळे होते. त्यांना चंदनाचा हार, खाली उदबत्ती. आईने चहा आणला आणि फ्रेमखालीच बसली. सांगू लागली की आधी मुलीचा आवाज आठवायचा पण चेहरा समोर येत नव्हता, आता सकाळी उठलं की आधी तिच्याशी बोलते.

"तुमच्याकडं आणिक हायत काय हिचे?" तिने विचारलं.

पिशवी माझ्या मांडीवर होती. "नाही," मी म्हटलं.

ते डोळे माझ्याकडे बघत होते आणि ते कुणाचे आहेत हे मला माहीत नव्हतं. चहा कसाबसा संपवून मी उठलो. बाप पायवाटेपर्यंत पोचवायला आला. वाटेत म्हणाला, बायको आता दोन घास नीट जेवते.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाली, "ती फोटोतली पोरगी... ती जिवंत असेल ना?"

मी म्हटलं, असेल. डिसेंबरातल्या त्या लग्नघरी जाऊन ती कोण हे विचारता येईल. रस्ता तासाभराचा आहे. मी अजून गेलेलो नाही.