डावीकडच्या मशाली

फैजपूरला मी ज्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, ते नाना कुठल्याही नव्या जागी शिरले की डाव्या हाताला जे लोंबतं दिसेल त्याला गाठ मारायचे. लग्नाच्या हॉलमध्ये दाराच्या झालरीला, दवाखान्यात पडद्याच्या टोकाला, आणि एकदा तर आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पताकांच्या दोरीला. निघताना तीच गाठ उजव्या हाताला आली की ती सोडवायची आणि म्हणायचं, "चला, वाट खरी हाये." लोक हसायचे. मीही हसायचे. आता गाठ मारलेला पडदा कुठे दिसला की मला तिथे थांबवत नाही, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगते.

नाना केळीच्या कापणीच्या टोळीचे मुकादम. चाळीस वर्षं त्यांनी फैजपूर-यावलच्या पट्ट्यातल्या बागा कापल्या. कापणीला आलेली बाग ज्यांनी आतून पाहिली नाही त्यांना ती बाहेरून फार देखणी वाटते. हिरवीगार, थंडगार, फोटो काढावा अशी. आत वीस पावलं गेलं की आभाळ संपतं. पानाला पान भिडलेलं, प्रत्येक ओळ मागच्या ओळीसारखी, वारा म्हणून नाही. खांद्यावर घड घेऊन माणूस एकदा वळला की कुठून आलो हे त्याला सांगता येत नाही. म्हणून नानांची रीत होती. सकाळी सगळ्यांच्या आधी एकटा मुकादम आत जाणार आणि डाव्या हाताला लोंबणाऱ्या सुक्या पानांना गाठी मारत वाट पाडणार. नंतर घड घेऊन येणाऱ्याला गाठी उजवीकडे दिसल्या तर तो बांधाकडे चाललाय. डावीकडे दिसल्या तर तो आणखी आत चाललाय, त्याने तिथेच फिरावं.

"जाताना डावी, येताना उजवी. बाकी देवाले विचारा," असं ते नव्या गड्याला सांगायचे.

मी मूळची धुळ्याची, इथे कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. नानांशी माझी खरी ओळख झाली ती त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर. चार महिने बागेत पाय ठेवायचा नाही म्हणून डॉक्टरांनी दम दिला होता आणि हा माणूस घरात पिंजऱ्यातल्यासारखा येरझारा घालत होता. त्यांच्या बायकोने, म्हणजे अक्कांनी, यांना कशात तरी गुंतवून ठेव म्हणून माझ्यापुढे हात जोडले. अक्का शिरपूरकडच्या, त्यांची बोली अजून तिकडचीच. "बाई, यास्ले कसामा तरी गुतडी ठेव. मना डोकाले ताप शे बठ्ठा."

मी तेव्हा लॅपटॉपवर एक ठोकळ्यांचा खेळ खेळायचे. त्यात एक अफाट जग असतं. झाडं तोडायची, कोळसा, लोखंड, वाळू गोळा करायची, घर बांधायचं. अंधार पडला की भुतं निघतात, त्याआधी घर गाठायचं. एका दुपारी ओट्यावर खेळत होते. नाना मागे कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. मी लाकूड घेऊन घरी आले, मग वाळूसाठी नदीवर गेले, वाळू घेऊन घरी आले, मग कोळशासाठी डोंगरावर निघाले.

"मॅडम," मागून आवाज आला, "तुमी शिकेल बाई हायेत ना?"

"का हो, नाना?"

"मंग अशी हमाली कायले करता? नदी डोंगराच्या पायथ्याशी, झाडं नदीच्या काठाले. एका फेरीचं काम, त्याच्या तीन फेऱ्या! माह्या टोळीत असत्या तं दुपारीच घरी धाडलं असतं."

मला राग आला. कॉलेजात मुलं मला घाबरतात आणि हा केळी कापणारा म्हातारा मला माझा खेळ शिकवतोय! माउस त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, घ्या, दाखवा करून. पहिल्या दिवशी ते खड्ड्यात पडून तीनदा मेले. दुसऱ्या दिवशी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर अख्ख्या जगाचा नकाशा काढून वर आले.

काय सांगू त्या नकाशाचं! डोंगर चढायचा तो रिकाम्या हाताने. जड दगड-लोखंड सगळ्यात शेवटी, उताराला लागल्यावर उचलायचं. डोंगराच्या पायथ्याला एक पेटी ठेवायची, तिच्यात भाकरी आणि एक जादा कुऱ्हाड. गेल्या वाटेने परत यायचं नाही, गोल फिरून यायचं, म्हणजे येतानाही काहीतरी हाताला लागतं. आणि पिशवी अर्धी भरली की सूर्य बघायचा. "पोटभर घेऊन मरनाऱ्यापेक्षा अर्ध घेऊन घरी येनारा शहाना." मला ज्याला चार दिवस लागायचे ते नाना एका बैठकीत आणायचे. मग पान दुमडून खिशात ठेवताना माझ्याकडे बघायचे. ते जास्त झोंबायचं.

जमिनीखालच्या बोगद्यांत सगळे खेळाडू मशाली कुठेही लावतात. नाना जाताना फक्त डाव्या भिंतीला लावायचे. कितीही फाटे फुटोत, परतताना मशाली उजवीकडे ठेवल्या की माणूस बाहेर. मी त्या जगात शंभरदा हरवले असेन, नाना एकदाही नाही.

गुडघा बरा झाला, टोळीचं काम त्यांनी त्यांचा जुना गडी सुपडू याच्यावर सोपवलं, तरी गाठी मारायला सकाळी स्वतःच जायचे. खेळही सुटला नाही. मग थंडीतल्या एका दुपारी ते वर आले, दार लोटून घेतलं, आणि खुर्चीवर न बसता उभेच राहिले.

"मॅडम, एक काम हाये. अक्काले सांगायचं नही."

त्यांचे वडील म्हातारपणी विसरायला लागले होते. आधी नावं, मग जेवलो की नाही ते. घरच्यांनी हसण्यावारी नेलं. एके दिवशी ते बागेत शिरले ते बाहेर आलेच नाहीत. दोन दिवसांनी सापडले. "बांधापासून हाकेच्या अंतरावर," नाना म्हणाले. "आता माह्यं बी तसंच सुरू झालं वाटते. परवा सुपडूचं नाव आठवे ना. चाळीस वर्सं हाक मारलेलं नाव."

मी म्हटलं, जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊ. ते हसले. "डॉक्टर तारीख विचारते. तारीख मले कधीच माहीत नव्हती. माह्यं डोकं तारखेत नही, वाटेत हाये. ते तुमीच तपासा."

त्यांनी सगळं ठरवूनच आणलं होतं. रोज दुपारी ते एकटे एका नव्या बोगद्यात जाणार, मशाली लावत. संध्याकाळी मी तो बोगदा तपासायचा. सगळ्या मशाली डावीकडे असल्या तर ठीक. ज्या दिवशी त्या दोन्ही बाजूंना दिसतील, त्या दिवशी जाता-येताचं भान गेलं असं समजायचं आणि त्यांना सांगायचं. "त्या दिवसापासून मी बागेत पाय ठेवनार नही. बाबाची आन. पन तुमी खोटं बोलू नका. ज्याचं डोकं फिरते त्याले ते फिरलेलं दिसत नही."

मी हो म्हटलं. हसतच म्हटलं, खेळातलाच एखादा डाव असल्यासारखं.

दोन-अडीच महिने सगळं बरं चाललं. संध्याकाळी मी जिन्यावरून ओरडायचे, "नाना, सगळ्या डाव्या!" आणि खालून उत्तर यायचं, "चला, वाट खरी हाये."

मार्चच्या सुरुवातीला एका बोगद्यात तीन मशाली उजवीकडे दिसल्या.

खाली नाना अक्कांशी कसल्याशा भाजीवरून भांडत होते, चांगल्या खणखणीत आवाजात. त्या सकाळी बागेतून आले तेव्हा माझ्यासाठी केळफूल घेऊन आले होते. या माणसाला सांगायचं की आता बाग बंद? बागेशिवाय हा महिनाभर तरी जगेल का? तीनच तर मशाली. हात चुकला असेल, माउस सरकला असेल. मी त्या तीन काढल्या, समोरच्या भिंतीला लावल्या, आणि जिन्यावर येऊन ओरडले, "सगळ्या डाव्या!"

"चला, वाट खरी हाये."

एकदा खोटं बोललं की दुसऱ्यांदा जड जात नाही. पुढच्या आठवड्यात सात मशाली. एप्रिलमध्ये तर एकाच बोगद्यात ते चारदा गोल फिरलेले दिसायचे, दोन्ही भिंती मशालींनी लखलखलेल्या, देवळाच्या दीपमाळेसारख्या. रोज संध्याकाळी मी त्या बसून निस्तरायचे. अक्का एकदा जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "बाई, हाई बरं शे ना?" त्यांना काय विचारायचंय ते मला कळलं होतं. मी म्हटलं, "बरे आहेत की. काय झालंय त्यांना?" इतक्या सहज म्हटलं की माझी मलाच आज किळस येते.

मे महिन्यात, यावलच्या रस्त्याला एका बागेत कापणी होती. दुपारी सुपडूचा फोन आला. "मॅडम, नाना तुमच्याकडी आले का? सकाळी गाठी माराले गेले, मले वाटलं परभारे घरी गेले."

सकाळी गेलेला माणूस, आणि आता दुपारचा एक वाजला होता. मी रिक्षाने पोचले तेव्हा बांधावर ट्रक उभा होता, घड अर्धेच भरलेले, आणि टोळी बागेत हाका मारत फिरत होती. सुपडू म्हणाला, "गाठीवर गाठी हायेत, पन नाना नही. आमी गाठी धरून चाललो का फिरून तठीच येतो."

मी आत शिरले. पहिल्या गाठी डावीकडे, नीट, छातीच्या उंचीवर. पन्नासेक पावलांवर एक गाठ उजवीकडे. मग दोन डावीकडे, तीन उजवीकडे. मग ज्या ओळीत बघावं त्या ओळीत, दोन्ही हातांना, गाठीच गाठी. काही पानांना दोन-दोन. हे सगळं मी आधी पाहिलेलं होतं. माझ्या खोलीत, पंख्याखाली, चहा पीत पाहिलं होतं. मी ओरडले, "सुपडूभाऊ, गाठी सोडा! गाठी बघू नका, एकेक ओळ सरळ धरून चाला!"

नाना बांधापासून हाकेच्या अंतरावर सापडले. एका खोडाला टेकून बसले होते, अंग तापलेलं, ओठ फाटलेले. डोळे मिटलेले होते, तरी डाव्या हाताची बोटं एका पानाच्या पट्टीशी चाळा करत होती. ते हाकांना ओ देत नव्हते.

जळगावच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध आली. अक्का चहा आणायला बाहेर गेल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं.

"मॅडम, आदल्या दिवशी मशाली कोनत्या बाजूले व्हत्या?"

माझ्या तोंडात 'डाव्या' आलं होतं. अगदी जिभेवर.

"दोन्ही बाजूंना, नाना."

"कधीपासून?"

"मार्चपासून."

मला वाटलं, आता शिव्या घालतील, आणि मला त्या हव्या होत्या. पण आवाजात राग नव्हता, नव्या गड्याला समजावताना असायचा तसाच आवाज होता.

"मंग सांगाले पाह्यजे व्हतं, मॅडम. तेवढ्यासाठीच तं तुमाले ठेवलं व्हतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर मी अक्कांना सगळं सांगितलं. एकही गोष्ट लपवली नाही. त्या गहू निवडत होत्या, हात थांबला नाही. मग म्हणाल्या, "ते चहामा साखरना जागे मीठ टाकेत. होळीपासून. मी गुपचूप फेकी दे अन् दुसरा करी दे. तुले तरी काय बोलू, माय?" आणि सूप बाजूला ठेवून पदर तोंडाला लावून रडल्या.

परवा मी ते जग पुन्हा उघडलं. नानांचा शेवटचा बोगदा तसाच होता. मी निस्तरलेला. एकूण एक मशाल डाव्या भिंतीला, सरळ रेषेत, एकही चूक नाही. मी टोकापर्यंत चालत गेले. त्यातल्या नानांच्या किती आणि माझ्या किती, ते मला आता ओळखू येत नव्हतं. मग मागे फिरले. मशाली सगळ्या उजव्या हाताला आल्या, आणि एकदाही न चुकता मी बाहेर आले.