मास्तरांच्या खात्यावर

मास्तर शाळेत कधीच नव्हते. सॉफ्टवेअर कंपनीत होते, पण कोणाच्याही कोडमध्ये नाक खुपसून चूक काढायची खोड, म्हणून नाव पडलं मास्तर. त्यांची बायको त्याच खोलीत, खिडकीजवळच्या टेबलावर काम करायची. ती ओघानेच मास्तरीणबाई, आमच्या तोंडी नुसत्या बाई. दोघं एकाच डब्यातून जेवायचे आणि जेवताना एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत. त्यावर आम्ही काय काय तर्क लढवले, सांगायची सोय नाही. मी त्यात पुढे, हे वेगळं सांगायला नको. माझं काम माहितीपुस्तिका लिहिण्याचं. म्हणजे हातांना काम बेताचं आणि कानांना भरपूर.

एका सकाळी मास्तर पाणी आणायला म्हणून उठले आणि जिन्यातच गेले. त्यांचा संगणक मात्र चालूच राहिला. सगळ्यांनी लिहिलेले तुकडे रोज दुपारी एकत्र जोडून त्यांचा एक चालता प्रोग्राम करायचा, याला आमच्यात बिल्ड म्हणतात. ते काम त्या संगणकाचं. जोडणी झाली की सगळ्यांना निरोप यायचा: ‘झालं. उठा आता, डोळ्यांना विश्रांती द्या.’ शेजारी मास्तरांचं नाव आणि अर्धवट हसणारा फोटो.

त्यांना पोचवून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशीही तो निरोप आला. एकाच्या हातून चहाचा कप सुटला. पुढे सवय झाली, पण पूर्ण नाही. नवी लागलेली एक मुलगी विचारू लागली, हे सर बसतात कुठे? कोणा आगाऊने रिकामी खुर्ची दाखवली. तेव्हापासून ती भिंतीला पाठ लावून बसायची.

बाई मात्र दुपार झाली की केस सारखे करायच्या, कोणी यायचं असावं तशा. निरोप आला की शांतपणे वाचायच्या आणि मगच डबा उघडायच्या.

कोणाच्या चुकीने बिल्ड मोडलं तर निरोप दुसरा असायचा, आणि तो फक्त मोडणाऱ्याला जायचा. आम्हा बहुतेकांना तो कधी ना कधी आला होता. बाईंना कधीच नाही, त्यांचं काम चोख. मास्तर गेल्यावर आम्हीही तो त्यांना दाखवला नाही.

मग मॅनेजरने फर्मान काढलं. जुना संगणक धापा टाकतोय; नवं साधन बसवा, कोणी ओळ बदलली की लगेच आपोआप जोडणी करणारं. ते बसवायचं बाईंनी, कारण त्या संगणकाला हात लावायची दुसऱ्या कोणाची छाती नव्हती. बाई आज-उद्या करत राहिल्या. शेवटी मॅनेजर आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, “बाई, ते यंत्र एक दिवस बंद पडणारच. मग तुमच्याही हाती काही राहायचं नाही.”

साधन बसलं पटकन. चालेना मात्र. एक तुकडा सापडत नाही म्हणून अडून बसलं. शोधलं तर तो मास्तरांच्या खासगी फोल्डरमध्ये. स्वतःच्या हाताने ठेवलेला, कोणाला न सांगता. मग दुसरा तसाच, तिसराही. निरोप धाडणारी फाइलसुद्धा तिथेच. दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाने सगळ्या कंपनीचं काम आपल्या खिशात ठेवलं होतं! मॅनेजरने तोड काढली: नवं साधन मास्तरांच्याच खात्यावर चालवा, म्हणजे त्याला सगळं सापडेल. बाईंचा चेहरा उजळला. मी पाहिला ना.

झालं, मास्तर सुटले. कोणी ओळ बदलली की निरोप. बैठकीत निरोप, जिन्यात निरोप, बाई दाताच्या डॉक्टरकडे बसल्या तर तिथे फोनवर निरोप. रोज एकदा येणारा माणूस आता दर घटकेला दार वाजवत होता. कोणी तरी म्हणालं, “मास्तरांना आवरा रे.” सगळे हसले, मीही. एकेकाने आवाज बंद केले. त्या मुलीलाही भीती राहिली नाही. माशी हाकलावी तसा तिने निरोप न बघताच पुसला. बाई तिच्या मागेच उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंनी साधनासाठी वेगळं खातं उघडलं आणि मास्तरांच्या फोल्डरमधला एकेक तुकडा सामायिक जागी हलवायला घेतला. मी काही तरी निमित्त काढून खुर्ची जवळ ओढली. एक तुकडा हलवला, त्याचा जोडीदार मागे राहिला, आणि बिल्ड मोडलं. साधन अजून मास्तरांच्याच खात्यावर चालत होतं. बाईंच्या पडद्यावर तो फोटो आला, आणि खाली:

‘एवढी घाई कसली? घरी कोणी वाट बघतंय का?’

आम्हाला चिडवायला लिहिलेलं वाक्य. तसं सांगावं म्हणून मी खुर्ची आणखी पुढे ओढली. बाई त्या फोटोकडे बघत राहिल्या. मग समोर ताटावर बसलेल्या माणसाशी बोलावं इतक्या हळू म्हणाल्या, “नाही हो. कोणी नाही.”

मागे राहिलेला तुकडा त्यांनी हलवला. साधन नव्या खात्यावर नेलं. मास्तरांचं खातं बंद करू का, असं यंत्राने विचारलं. खात्री आहे का, असं पुन्हा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी हो म्हटलं. दुपारी ‘बिल्ड यशस्वी’ असं काही तरी आलं. कोणी मान वर केली नाही.

त्या दिवशी बाई वेळेच्या कितीतरी आधी निघाल्या. पर्स खांद्याला नीट अडकवायचीही फुरसत नव्हती. मी जिन्यापर्यंत गेलो. त्या भराभर उतरत होत्या, घरी कोणी तरी वाट बघत असल्यासारख्या.