धबधब्यापुढचा आमचा जोडीचा फोटो

अंबाझरी तलाव भरून सांडव्यावरून वाहू लागला की आम्ही डबे घेऊन पाहायला जायचो आणि त्यालाच धबधबा म्हणायचो. ऐंशीच्या दशकात आमच्या यांना कोरियातल्या एका कापड कारखान्यानं नव्या मागांचं काम शिकायला बोलावलं, आणि शेवटी शेवटी यांच्या सोबतीला मलाही. सुट्टीत त्या लोकांनी आम्हा दोघांना दक्षिणेकडच्या एका बेटावर धाडलं. तिथं काळ्या कड्यावरून पाणी थेट समुद्रात पडत होतं. मधे नदी नाही, नाला नाही. कडा संपला की समुद्रच! तुषारांनी माझं पातळ भिजलं आणि मी खुळ्यासारखी हसत सुटले. इतकं देखणं पाणी मी जन्मात पाहिलं नव्हतं.

भोवती सगळी नव्यानं लग्न झालेली जोडपी. त्यांचे टॅक्सीवालेच फोटो काढत होते, कुणी कसं उभं राहायचं तेही तेच ठरवत होते. आमच्या लग्नाला कितीतरी वर्षं झाली होती, पण दोघांचाच असा एक फोटो नव्हता. विणकरांचं एकत्र घर. प्रत्येक फोटोत आमच्यामध्ये सासूबाई, दीर, पोरं. रस्त्यानंसुद्धा मी यांच्या मागेच चालायची. हा फोटो मला हवाच होता.

आमच्या टॅक्सीवाल्यानं खुणेनं सांगितलं, बायकोला पाठीवर घ्या. हे लाजेनं लालेलाल.

"लोकं पाहून राहिले ना वं!"

"पाहू द्या. तुमची आई थोडीच पाहून राहिली?"

हे पुटपुटत वाकले. मागे धबधबा, बाजूला समुद्र, आणि मी नवऱ्याच्या पाठीवर! टॅक्सीवाल्यानं आमच्या कॅमेऱ्याचं बटण दोन-तीनदा दाबलं आणि वर टाळ्याही वाजवल्या.

घरी परतल्यावर रोल सीताबर्डीच्या बाजारात धुवून आणला. तो फोटो मी पातळाच्या घडीत दडवला, तर नेमका सासूबाईंच्या हाती लागला. आता ही बाई घर डोक्यावर घेणार, माझा जीव अर्धा झाला. त्या फोटो घेऊन खिडकीशी गेल्या, बराच वेळ पाहत राहिल्या. सासरे माझ्या लग्नाआधीच वारले होते. त्यांचा विषय त्या कधी काढत नसत.

"कुहीच्या नाल्याले पूर आला, तवा याच्या बापानं मले असंच पाठीवर घेऊन पल्याड नेलं होतं," त्या म्हणाल्या. "फोटो काढाले कोनी नव्हतं वं."