ताप गेला तर सगळ्यांचा गेला

"या बाईंचं बघा," डॉक्टरसाहेब म्हणाले. "यांचा कप वेगळा ठेवलाय. असंच पाहिजे. ज्याचा त्याचा कप. साथीच्या दिवसांत शहाणी माणसं हेच करतात."

डॉक्टर तालुक्याहून आले होते. नवीन होते, पुण्याकडचे. त्यांना वाटलं, मी आरोग्याचे नियम पाळते.

शाळेच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप होता. तो माझा. मी ठेवलेला नव्हे, माझ्यासाठी ठेवलेला. नोकरीवर रुजू झाले त्या दिवशीच मला तो दाखवला होता, आणि चहा झाला की तुमचा तुम्ही विसळून जागेवर ठेवत जा, असंही सांगितलं होतं. मी महाराची. धुळ्याला ट्रेनिंग करून मास्तरीण झाले, पण कप काही बदलला नाही.

हेडगुरुजी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. मग आबा हसले. आबा शाळा कमिटीचे चेअरमन. गावात सगळ्यात मोठी शेती त्यांची.

"तुमले यानी सवयच शे ना, बाई," आबा म्हणाले. "आते आमले शिकनं पडी."

सगळे हसले. डॉक्टरही हसले, कारण सगळे हसत होते. मी उंबऱ्यापाशी बसले होते, घरून आणलेल्या गोणपाटावर. चहा गार झाला होता. मी तो पिऊन टाकला आणि कप विसळायला बाहेर गेले.

हे गाव सोनगीरच्या पुढे, आग्रा रोड सोडून आत. शाळा बोर्डाची. दोन खोल्या आणि पुढे पडवी. खोल्यांत गावची पोरं बसायची, पडवीत आमची. शिवाशीव बंद करणारा कायदा झालेला होता. कायदा गुरुजींना तोंडपाठ होता. "कुणी बाहेर बसवलेलं नाही बाई, ती आपली आपणच तिथे बसतात," असं ते मला म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. भित्रा होता, आणि भित्र्या माणसाला किती वाईट करता येतं ते मी त्यांच्याकडे बघून शिकले.

त्या पावसाळ्यात तापाची साथ आली. पेपरात यायचं की ती सगळ्या जगात आहे, बोटीतून आली. आमच्या गावात ती आधी आबांच्या घरात आली, त्यांचा पुतण्या मुंबईहून आला त्यानंतर. घरातले सगळे अंथरुणाला खिळले. त्यांच्या गोधड्या नाल्यावर नेऊन धुवायला माणूस मिळेना. तेव्हा आमच्या वस्तीतून सुपडीच्या आईला बोलावलं. ती त्यांच्या गोठ्यात शेण काढायची. एरवी तिची सावली पडलेली चालत नव्हती. तापाने भरलेल्या गोधड्या तिने धुतलेल्या चालल्या.

आबांच्या घरातले सगळे उठले. सुपडीची आई उठली नाही.

सुपडी माझ्याच वर्गात, पहिलीत. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून ही जन्मली तेव्हा तिला सुपात घालून लोळवलं आणि सुपडी नाव ठेवलं. म्हणजे नको असलेली म्हणून टाकून दिलेली आहे, हिला तरी कुणी नेऊ नये, एवढ्यासाठी. पोर राहिली. आई गेली.

वस्तीत आणखीही गेले. गावातही गेले. शाळेला कुलूप लागलं.

पुढे ताप जरा ओसरला आणि शाळा उघडायची बोलणी सुरू झाली. पोरं रानोमाळ हिंडत होती. बरीचशी कामाला लागली होती, आणि आमची एकदा कामाला लागली की परत येत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. शाळा लवकर उघडावी म्हणून गुरुजींच्या मागे मीच लागले होते. त्यासाठीच ती बैठक होती, कपाची.

मी कप ठेवून परत आले तेव्हा डॉक्टर सांगत होते. पोरं एकमेकांना चिकटून बसता कामा नयेत. एका भांड्यातलं पाणी नको. एकमेकांची पाटी-पेन्सिल नको. दारात गर्दी नको. मग त्यांनीच मान हलवली. "पण खेड्यात हे जमायचं नाही. एवढी लहान पोरं अशी कशी बसतील?"

"बसतात," मी म्हणाले.

मला माहीत होतं. पाचोऱ्याकडच्या एका गावात मी अशीच बसले होते, चौथीपर्यंत. घरून गोणपाट आणायचं, त्यावरच बसायचं, जाताना घडी करून घेऊन जायचं. पाणी घरून आणायचं. पाटी मास्तरांच्या हातात द्यायची नाही, जमिनीवर ठेवायची आणि दोन पावलं मागे सरायचं. मास्तर लांबून बघणार, छडीच्या टोकाने चूक दाखवणार. शाळेत सगळ्यांच्या नंतर शिरायचं. सुटली की सगळे जाईपर्यंत थांबायचं. खोकला आला तर उठून लांब जायचं. सहा वर्षांच्या पोरीला हे सगळं जमतं. न जमून सांगते कुणाला?

तेच मी त्यांना सांगितलं. कुठे शिकले ते सांगितलं नाही. प्रत्येकाने गोणपाट आणायचं. प्रत्येकाने तांब्या आणायचा. पाटी जमिनीवर. सुटताना एकेक रांग. पहिली-दुसरी सकाळी, तिसरी-चौथी दुपारी. खिडक्या उघड्या.

डॉक्टर खूश झाले. तेवढ्यात मी आणखी एक घातलं.

"आणि पडवी नको, साहेब. अरुंद आहे, तिथे गर्दी होते. सगळ्यांनी खोलीत बसायचं. उंचीप्रमाणे, लहान पुढे."

"अर्थातच," डॉक्टर म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. पण डॉक्टर समोर होते आणि कारण आरोग्याचं होतं. त्यांना बोलता येईना.

शाळा उघडली. पाटलांची, वाण्यांची, सगळ्यांची पोरं काखेत गोणपाट आणि हातात तांब्या घेऊन आली. मी दारात उभी राहून बघत होते. मला आनंद झाला. आणि आनंद होतोय म्हणून रडूही आलं, कारण एवढीशी गोष्ट व्हायला किती माणसं मरावी लागली.

एक आई दुसऱ्याच दिवशी भांडायला आली. "मना पोऱ्या गोणीवर बसस, त्यास्नागत!" मी म्हटलं, डॉक्टरांचा हुकूम आहे, तालुक्याला जाऊन विचारा. ती गेली नाही.

पडवीत आता चपला असायच्या. पाण्याचा माठ पालथा होता. आणि सुपडी सगळ्यांत बुटकी, म्हणून पहिल्या रांगेत, फळ्याच्या समोर. आधी ती फळा दाराच्या चौकटीतून बघायची, अर्धाच. पहिल्यांदा अख्खा फळा दिसला तेव्हा ती नुसती बघत राहिली. लिहायचं विसरली. मी तिला रागावले नाही.

ती आईबद्दल कधी बोलली नाही. एकदा शाळा सुटल्यावर रांगेची वाट बघत ती माझ्याजवळ थांबली होती. गोणपाटाची घडी छातीशी. म्हणाली, "बाई, ताप गया म्हंजे माले परत पडवीमा बसनं पडी का?"

मी रांगेकडे नजर वळवली.

"मंग ऱ्हाऊ द्या ना ताप."

तापाने हिची आई नेली होती. त्या तापाला ही राहा म्हणत होती. मी त्या दिवशी घरी जाऊन जेवले नाही. जमिनीवर पालथी पडून राहिले. देव तर आम्ही आधीच्याच वर्षी, बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा, टोपलीत घालून नदीत सोडले होते, त्यामुळे शिव्या द्यायलाही कुणी उरलं नव्हतं. माणसंच होती. मग माणसांनाच दिल्या.

दिवाळीच्या आधी एक झालं. आबांचा नातू माझ्याच वर्गात होता. त्या दिवशी तो तांब्या विसरला. उन्हाचा, तहानेने कावराबावरा झाला. सुपडी उठली. आपला तांब्या उंच धरून तिने वरून धार धरली. त्याने ओंजळ पुढे केली आणि पोटभर प्याला. शिवली नाही. तिला शिकवलं होतं तसंच, नियमाप्रमाणे. माझ्या डोळ्यांदेखत झालं आणि मला ते फार चांगलं वाटलं.

पोरगं घरी जाऊन बोललं असणार.

दिवाळीची सुट्टी संपत आली तेव्हा गुरुजी मला भेटायला आले. माझ्या घरी ते कधी आले नव्हते. बाहेरच उभे राहिले.

"साथ गेली, बाई. सोमवारपासून शाळेचं सामाईक तरट घालू. माठ भरून ठेवू. नेहमीसारखं."

"बरं."

"फक्त वस्तीतल्या पोरांचं तेवढं चालू ठेवायचं. गोणपाट, तांब्या. पडवीत. वस्तीत अजून ताप आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?"

गुरुजींनी रुमालाने मान पुसली. "जातीचं नाही हो हे. जात म्हणून तसं करताच येत नाही, कायदा आहे. हे आरोग्याचं आहे. तुम्हीच तर ठरवून दिलं होतं सगळं."

तेव्हा मला दिसलं. कायद्याने जे त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं, ते रोगाने त्यांना परत दिलं होतं. आणि वर माझंच नाव.

मी म्हटलं, "गुरुजी, ताप गेला तर सगळ्यांचा गेला. राहिला असेल तर सगळ्यांचा राहिला. गोणपाट सगळ्यांना घालीन, नाहीतर तरट सगळ्यांना. यातलं एक काहीतरी सांगा. दोन्ही माझ्याकडून होणार नाही."

ते निघून गेले.

सोमवारी मी लवकर गेले. तरट मीच घातलं. आमची पोरं सवयीने पडवीत टेकली होती. त्यांना आत बोलावलं. गोणपाटं बाहेर ठेवायला लावली. सुपडीला तिच्या जागी बसवलं, पहिल्या रांगेत, तरटावर. तिच्या शेजारी आबांचा नातू येऊन बसला. मी सांगितलं नव्हतं. मग मी माठाकडे गेले, ओगराळं बुडवलं आणि वर्गासमोर पाणी प्याले.

दुपारच्या आत आबा आले. दारातच उभे.

"पडवी रिकामी का बरं शे, बाई?"

"ताप गेला, आबा."

"त्यास्ना वस्तीमा शे अजून."

"वस्तीत ताप आला तो तुमच्या गोधड्यांतून," मी म्हणाले. "धुणारी मेली. तिची पोर ही समोर बसली आहे. कुठे बसायचं ते तुम्ही सांगा तिला."

सुपडी आबांकडे बघत होती. आबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. नातवाला हाक मारली. तो उठला, मागे बघत बघत गेला. संध्याकाळपर्यंत निम्मा वर्ग गेला. दुसऱ्या दिवशी गावचं एकही पोर आलं नाही. माठ कुणीतरी फोडला होता. तापाने बंद पडलेली शाळा मी धडपडून उघडली होती. ती आता माझ्या एका घोटाने बंद पडली.

मी आमच्या पोरांना घेऊन शिकवत राहिले. एवढी मोठी खोली, आणि पोरं भिंतीला चिकटून बसायची. मी ओढून मधे बसवायचे.

मग सुपडी यायची थांबली. मी तिच्या घरी गेले. बाप चुलीपाशी बसला होता. माझ्याकडे मान वर करून बघेना.

"बाई, मनं पोट त्यास्ना वावरमा शे," तो म्हणाला. "मी काय करू?"

त्याच्यावर मला रागावता आलं नाही. आबांनी निरोप धाडला होता, पोर कापूस वेचायला पाठव, नाहीतर तूही येऊ नको. तिच्या आईचं काम आता तिच्याकडे आलं होतं.

मी वावरावर गेले. कापूस फुटला होता. सुपडी ओच्यात बोंडं घेऊन वाकली होती. बोटं चिरली होती. मी बांधावरून म्हटलं, "सुपडी, शाळा भरली."

तिने बापाकडे पाहिलं. बापाने पाठ फिरवली. ती माझ्यापर्यंत आली नाही. कापसाच्या दोन ओळींच्या मधे उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "बाई, मनी जागा ऱ्हाऊ द्या."

आता गावची पोरं एकेक करून परत यायला लागली आहेत. शाळेवाचून त्यांचंही अडतं. आली की मी सगळ्यांना तरटावर बसवते, उंचीप्रमाणे. ज्याला चालत नाही त्याने घरी जावं. पहिल्या रांगेत फळ्यासमोर एक जागा मी रिकामी ठेवते. तिथे मी कुणाला बसू देत नाही. गुरुजी म्हणतात, बदली मागा बाई, तुमच्याच भल्याचं सांगतो. आबांनी वरपर्यंत बोलणं केलंय म्हणे. करू देत. बदली मी मागणार नाही. केली तर मला उचलून न्यावं लागेल. कान तुटलेला कप अजून कोनाड्यात आहे. त्यात मी चहा घेत नाही.

सुपडीला अजून आणता आलेलं नाही. ती वाकून कापूस वेचते, आणि माझ्या डोळ्यांसमोरून ते हलत नाही.

रोज सकाळी मी घंटा देते आणि बांधावर जाऊन उभी राहते. "सुपडी, शाळा भरली." वावरातले सगळे ऐकतात. आबाही ऐकतात. परवा त्यांनी विचारलं, किती दिवस येणार? मी म्हटलं, तुमचा कापूस संपेल, आबा. मी येणारच.